करवंटीभर शेजार

त्या रविवारी कोळंबदांडावरच्या बायका नटून आल्या होत्या, पण आपली नव्हे, आपल्या दह्याची हौस म्हणून. सकाळी सातलाच शाळेच्या ओट्याशी रांग लागली. प्रत्येकीच्या कडेवर गाडगं, आणि पाहुण्यांपुढं बसवलेल्या नवरीसारखं त्याचं तोंड धुवट फडक्यानं झाकलेलं. कुणी फडक्याला लाल दोरा बांधला होता, कुणी गाडग्याला हळदीची बोटं ओढली होती.

"सुगंधे, माझं जरा निगुतीनं घे गं," धोंडूबाई आखाडे म्हणाली. "साय मोडू नगं. कलेक्टर खाणार हाय ना त्ये?"

"खाणार नाही काकू, वाचणार आहे," सुगंधानं चमचा आत घातला.

"दही वाचती? मग आमच्या म्हाताऱ्याला बी ने. चाळीस वर्सं झाली, मला काय त्यो वाचता येत न्हाय."

रांग हसली. सुगंधाही हसली, पण तिची नजर रांगेच्या दोन टोकांवर होती. पुढच्या टोकाला तिची आई बायजाबाई झोरे, सत्तरीची, काठीसारखी ताठ. मागच्या टोकाला तिची चुलती तुळसाबाई झोरे, आईहून चार वर्षांनी लहान, बुटकी आणि तोंडानं तिखट. सख्ख्या जावा. दोघींच्या मध्ये एकतीस बायका होत्या आणि एकोणीस वर्षं.

एकोणीस वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली, तेव्हा चांदी नावाची म्हैस तुळसाच्या दावणीला गेली. महिन्याभरात चांदी मेली. तुळसा भर पाणवठ्यावर बोलून गेली, "अक्काची दृष्ट लागली." एवढंच. दगड पाण्यात पडला की वलयं उठून विरतात. हा दगड मात्र कोरड्या मातीत पडला, आणि जिथं पडला तिथंच राहिला. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. घरांमधलं अंतर हाकेचं होतं, पण हाक कुणी मारायची?

सुगंधा याच दांडावर जन्मलेली. आता तालुक्याला राहायची आणि कुंभगड जिल्ह्याच्या शेजार विभागात सेविका होती. असा विभाग दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नव्हता. सह्याद्रीच्या उतारावरच्या दोनशे बारा वाड्या आज ना उद्या खाली आणायच्या, हे काम जिल्ह्यानं अंगावर घेतलं होतं. त्यासाठी तीन विभाग एका छताखाली आणले होते. एक घरं बांधायचा, दुसरा डोंगरात पुरलेल्या सळ्यांवरून जमीन किती सरकते ते बघायचा, आणि तिसरा शेजार लावायचा.

हा तिसरा विभाग ठेच लागून सुरू झाला होता. आठ वर्षांपूर्वी जिल्ह्यानं पहिली वसाहत बांधली, ती पक्की, देखणी. घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. पुढच्याच वर्षी पूर आला, भोंगा वाजला, सगळे बाहेर पडले. एक म्हातारं जोडपं तेवढं आत राहिलं. पलीकडच्या घराला ते तिथं राहतात हेच ठाऊक नव्हतं. मग शेजार शोधायला जिल्ह्यानं लोकांच्या फोनची माहिती चाळली. कोण कुणाशी किती बोलतं त्याचा नकाशा काढला, तर अर्ध्या तालुक्याचा जिवाभावाचा माणूस निघाला मोबाईल रिचार्जवाला.

तेव्हा डॉक्टर शर्वरी नाफडे पुढं आल्या. त्या जिवाणूंच्या अभ्यासक. पहिल्या भेटीतच त्यांनी सुगंधाला विचारलं होतं, "तुमच्याकडं दही नासलं तर विरजण कुणाकडून आणता?"

"शेजारणीकडून."

"कुठल्याही?"

सुगंधा थांबली होती. "नाही. जिच्याकडं मागायला लाज वाटत नाही तिच्याकडून."

"बस्स," नाफडे बाई म्हणाल्या होत्या. "तेच मला मोजायचंय."

त्यांनी समजावलं ते असं. विरजण म्हणजे जिवंत जिवाणूंचं बियाणं. तास-दोन तासांत एकाचे दोन होतात, आणि दोन होताना आपल्या पोटातली एक लांबलचक चिठ्ठी उतरवून काढतात. उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्या जपतात. म्हणजे ज्या दोन घरांच्या दह्यात त्याच चुका, त्यांचं विरजण एका वाटीतलं. घरं दुरावली की चुका वेगळ्या होत जातात, आणि पुन्हा वाटी गेली की पुन्हा जुळतात. कोण कुणाच्या दारात गेलं, किती वेळा गेलं, सगळं दह्यात लिहिलेलं.

सुगंधाला हे लगेच उमगलं होतं. ओव्यांचं असंच असतं. एखादी बाई ओवीत एक शब्द बदलते, मग तिच्याकडून शिकलेल्या सगळ्या जणी तोच बदललेला शब्द गातात. शब्दावरून कळतं, ही ओवी कुणाच्या ओसरीवरून आली. तिची आई ताक घुसळताना गायची तीच बघा ना:

*माझ्या गं गाडग्यात, दूध कोमट झालं,*
*शेजीच्या वाटीतून, माहेर चालत आलं.*

नाफडे बाईंनी पूरग्रस्त वसाहतींत जाऊन तपासलं होतं. ज्यांना शेजाऱ्यानं ओढून बाहेर काढलं, त्यांतल्या बहुतेकांचं दही काढणाऱ्याच्या दह्याशी जुळत होतं. ज्या दारात रिकामी वाटी घेऊन जाता येतं, तेच दार संकटात धावून येतं. जिल्हाधिकारी मुजावर मॅडमनी ते आकडे दोनदा वाचले आणि फाइलवर लिहिलं, 'भिंती आपण बांधू. शेजार लोकांनी आधीच बांधलेला आहे, तो फक्त उचलून नेऊ.'

कोळंबदांडाची पाळी आता आली होती. डोंगर रोज तीन मिलिमीटर सरकत होता, पावसाळा पाच आठवड्यांवर होता. खाली गवळटेपावर तेहतीस घरं तयार होती, तीन घरांना एक अंगण अशी अकरा अंगणं. भोंगा वाजला की चार मिनिटांत एका अंगणातल्या तिन्ही घरांनी एकमेकांना बाहेर काढायचं. कोणती तीन घरं एकत्र, हे दही ठरवणार होतं.

दुपारी रांग सरली. सुगंधा शाळेच्या खोलीत पानाच्या डब्याएवढं वाचनयंत्र मांडून बसली. ते वाचन ढोबळ असायचं, नोंदीत जायचं नाही. पक्कं वाचन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत व्हायचं. तरी एकेक धागा पडद्यावर उमटू लागला तशी तिच्या अंगात लहर उठली. आपलं अख्खं बालपण कुणीतरी दुधाच्या शाईनं रेखाटतंय असं तिला वाटलं. आखाड्यांकडून ढेब्यांकडं, ढेब्यांकडून येडग्यांकडं. अरे, धोंडूबाईच्या सुनेचं दही तर थेट खालच्या आळीतलं.

मग घर क्रमांक सतरा आलं, बायजा विठू झोरे. त्याचा धागा निघाला आणि सरळ घर क्रमांक एकोणीसला जाऊन भिडला. तुळसा राघू झोरे. शंभरात सत्त्याण्णव चुका जुळत होत्या. म्हणजे वाटी गेल्या आठवड्यातली.

सुगंधानं पुन्हा वाचलं. पुन्हा तेच.

ती तशीच उठून घरी गेली. आई शेणानं अंगण सारवत होती.

"आये, विरजण कुणाचं लावतेस गं?"

"द्येवाचं," आई मान वर न करता म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे द्येवाचं. बिरोबाम्होरं असतंय आयतवारी. चमचाभर आणती. द्येवाला काय कमी हाय?"

दोन्ही घरांच्या मधल्या बांधावर बिरोबाचा शेंदरी दगड होता. सुगंधा तिकडं वळली. दगडापुढं नारळाची करवंटी होती, वरून पळसाचं पान झाकलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून पानावर खडा. पान अजून ओलं होतं. तिनं ते उचललं. आत घट्ट, ताजं दही. करवंटीच्या काठाला चुलतीच्या घरच्या चुलीची राख लागलेली. दर रविवारी एक ठेवत होती, एक नेत होती. देव मध्ये होता म्हणून कुणी कुणाला काही दिलं नव्हतं आणि कुणी कुणाकडून काही घेतलं नव्हतं.

सुगंधानं पान पुन्हा झाकलं, वर खडा ठेवला. ती परत येऊन आईशेजारी उकिडवी बसली.

"आये, खाली गेल्यावर काकीचं दार आपल्या दारासमोर आलं तर?"

आईचा शेणातला हात थांबला. "तसं झालं तर मी हितंच ऱ्हाईन."

"डोंगर सरकतोय."

"सरकू दे. माझी दृष्ट लागती म्हनं. तिच्या दारात बसून तिच्या घराला कशाला दृष्ट लावू? डोंगराला लावते. बघू कोण पडतंय." आणि हात पुन्हा गोल फिरू लागला.

आई बोलते तसं करते, हे सुगंधाला लहानपणापासून ठाऊक होतं. संध्याकाळी तालुक्याला उतरताना तेहतीस बाटल्यांची पेटी तिच्या मांडीवर होती आणि डोक्यात एकच हिशोब. धागा खरा दाखवला तर आई खाली येणार नाही. बसथांब्यासमोरच्या दुकानातून तिनं पिशवीतलं दही विकत घेतलं. आडोशाला जाऊन सतरा नंबरची बाटली रिकामी केली, धुतली आणि त्यात ते पिशवीतलं दही भरलं. तिला वाटलं, कुठंच जुळणार नाही, मग उरलेल्या एखाद्या कोपऱ्यातलं घर चिठ्ठीनं मिळेल. आई निदान जिवंत राहील.

चिठ्ठीचा नियम गेल्या महिन्यात बदलला होता. ते परिपत्रक तिनं उघडलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव घातला. मुजावर मॅडम आल्या, नाफडे बाई आल्या, मोठा पडदा लागला. आपल्या घराचा धागा सगळ्यांसमोर दाखवायला हरकत नाही, म्हणून प्रत्येक घरानं आधीच अंगठा दिला होता. पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे जत्रेला जमावं तसे जमले. एकेक अंगण जाहीर होई तसा गलका उठे.

नामा आखाडेच्या घराचा धागा त्याच्या व्याह्यांच्या घरी गेला, तेव्हा नामा बायकोला म्हणाला, "तू तर म्हनत होतीस, तिकडं पाऊल ठेवणार न्हाय."

"पाऊल न्हाय ठेवलं," धोंडूबाई म्हणाली. "वाटी पाठिवली."

"दह्यानं चहाडी केली बघा," मागून कुणी बोललं, आणि मांडव हसण्यानं हलला. भांडणं उघडी पडत होती आणि उघडी पडता पडताच वितळत होती. सुगंधानं या कामात इतकी वर्षं घालवली, पण असा आनंद तिनं कुठल्या सरकारी सभेत पाहिला नव्हता. तो आनंद तिच्यापर्यंत येऊन मात्र अडत होता, उंबऱ्यावर थबकलेल्या पाहुण्यासारखा.

"घर क्रमांक सतरा," नाफडे बाईंनी वाचलं. "बायजा विठू झोरे." त्यांनी पडद्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. "धागा नाही."

पडद्यावर एक ठिपका होता. त्याच्याभोवती सगळं दुधाचं जाळं, आणि हा मध्येच सुटा, अंगणातून हाकललेल्या वासरासारखा.

"ज्या घराला धागा नाही," मुजावर मॅडम सौम्यपणे म्हणाल्या, "त्यांना आम्ही एकटं सोडत नाही. आरोग्य केंद्राला लागून देखभालीच्या खोल्या आहेत. चोवीस तास परिचारिका, उशाशी घंटा. आजी, तुम्हाला तिथली खोली."

सुगंधाच्या पायाखालची जमीन तीन मिलिमीटर नव्हे, तीन हात सरकली. तिनं आईला डोंगरापासून वाचवलं होतं आणि जगात कुणीच नसलेली बाई करून टाकलं होतं, तेहतीस घरांच्या देखत.

बायजाबाई उभी राहिली. कुणी काही विचारण्याआधी तिनं पदर सावरला. ती भांडेल असं सगळ्यांना वाटलं. ती फक्त म्हणाली, "बरं." आणि आपल्या हातांकडं बघत राहिली.

सुगंधा तोंड उघडणार, तोच मागच्या टोकाकडून आवाज आला.

"ओ डाक्टरीनबाई. तुमचं यंतर खोटं बोलतंय."

तुळसाबाई उठली होती. तिचं डोकं पुढच्यांच्या खांद्याला लागत होतं, म्हणून ती बाकावर चढली.

"आजी, यंत्र खोटं बोलत नाही," नाफडे बाई म्हणाल्या.

"मग बाटली खोटी. एकोणीस वर्सं मी दर आयतवारी बिरोबाम्होरं करवंटी ठेवते. बिरोबा काय दही खातो व्हय? त्याला लागतंय बकरं. त्ये दही हिच्या गाडग्यात जातंय. हिच्या दह्यात माझं दही न्हाय, तर मग एकोणीस वर्सं मी कुणाला पोसलं?"

सगळ्या माना बायजाबाईकडं वळल्या.

"मला ठावं होतं," बायजाबाई समोर बघतच म्हणाली.

"ठावं होतं, तर बोलली का न्हाईस, अक्का?"

अक्का. एकोणीस वर्षांनी तो शब्द दांडावर उच्चारला गेला होता. सुगंधानं आईच्या मानेची शीर हललेली पाहिली.

"करवंटी तू ठेवत हुतीस. बोलायचं बी तू हुतं. दृष्ट लागती म्हनलीस."

"म्हनले. त्ये परत घ्यायला तोंड उचललं न्हाय. मग हात उचलला."

तेव्हा सुगंधा पुढं झाली. "मॅडम, बाटली मी बदलली. आईचं दही काकीच्या दह्याशी जुळत होतं, हे मला रविवारीच कळलं होतं. दोघींची दारं समोरासमोर आली तर आई वरच राहील, म्हणून मी बाजारचं दही भरलं."

बायजाबाईनं लेकीकडं पाहिलं. "पिशवीतलं? माझ्या नावानं पिशवीतलं दही दिलंस तू?" आणि एवढ्यावर पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

मुजावर मॅडमनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, "सुगंधाताई, या प्रकाराची चौकशी होईल. तुमचं काम काही दिवस थांबेल. ते उद्या. आज आधी आजींचं दही आणा."

नामा आखाडे स्वतः धावत जाऊन ते गाडगं घेऊन आला, वाटेत पडू नये म्हणून पोटाशी धरून. नाफडे बाईंनी या वेळी पुन्हा पुन्हा वाचलं, त्याला पाऊण तास लागला. कुणी उठलं नाही. आणि जेव्हा पडद्यावरच्या त्या सुट्या ठिपक्यातून पांढरा धागा निघाला, वळला, आणि एकोणीस नंबरला जाऊन टेकला, तेव्हा तेहतीस घरांनी असा गजर केला की झाडावरचे बगळे उठले.

"दार समोर असू दे," बायजाबाई उठताना म्हणाली. "पन आधी मी बोलायची न्हाय."

"आता मी तर बोलले," तुळसाबाई बाकावरून उतरत म्हणाली. "आता तुझी पाळी."

पुढच्या मंगळवारी दांड उतरला. म्हशी पायी, संसार टेम्पोत. वरच्या माळावर आता हात जाईल एवढी भेग पडली होती. ती ओलांडताना माणसं बोलायची थांबत, आणि पलीकडं गेली की दुप्पट बोलत. बिरोबाचा दगड चौघांनी उचलून नेला आणि वसाहतीच्या वेशीवर बसवला. दोन्ही घरांपासून सारखाच लांब, पण मध्ये मात्र नाही.

टेम्पो शेवटच्या वळणावर आदळला आणि बायजाबाईचं गाडगं फुटलं.

नव्या घरात भिंतींना चुन्याचा वास होता. सुगंधाच्या पिशवीत निलंबनाचा कागद होता, आणि तरी ती सकाळपासून भांडी लावताना गुणगुणत होती. दिवस कलायला लागला. आईनं दूध तापवलं, निववलं, बोट बुडवून बघितलं. कोमट. विरजण लावायची वेळ. ती रिकामी वाटी हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. समोर अकरा पावलांवर तुळसाचं दार. अंगणात मध्ये देव नव्हता, बांध नव्हता, फक्त नवी फरशी.

"जा की आये," सुगंधा म्हणाली. "दिवे लागले की विरजण कुणी देत नाही."

"ठावं हाय मला."

वसाहतीतले ओसरीवरचे दिवे अंधारायला लागलं की आपोआप पेटायचे. पहिल्या अंगणातले पेटले. दुसऱ्यातले. मग त्यांच्या डोक्यावरचाही पेटला. आईचा चेहरा त्या उजेडात एकदम उतरला, बस सुटलेल्या माणसासारखा. ती मागं वळली.

"आये, थांब. तिकडं बघ."

समोरची ओसरी अंधारात होती. दिवा पेटला नव्हता, असं वाटलं. मग सुगंधाला दिसलं. तुळसाबाई स्टुलावर चढली होती आणि पेटलेल्या दिव्यावर घोंगडी धरून उभी होती. घोंगडीच्या विणीतून उजेडाचे बारीक ठिपके गळत होते, चांदण्यांसारखे. हात दुखत असावेत, कारण घोंगडी थरथरत होती.

बायजाबाई पायरी उतरली. एक, दोन, तीन. अकरा पावलं ती चालली आणि ओसरीखाली थांबली.

"तुळसे," ती म्हणाली. "तुझ्याकडं अजून दिवा न्हाय न्हवं लागला?"

"छ्या," वरून आवाज आला. "कुठला दिवा."

"मग विरजण दे."

"आत चुलीजवळ हाय. तूच घे," तुळसाबाई म्हणाली. "माझे हात गुतल्यात."